ब्रेक ओरडतो तेव्हा काय सांगतो? घाट उतरण्याआधी पॅड किती उरलेत ते बघा

पावसाळा लागला की शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड इथल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "उस्ताद, ब्रेक चीं-चीं करतोय." उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं. "काही नाही भाई, पॉलिश पेपर मारून देतो, बंद होईल." आवाज खरंच बंद होतो. गिऱ्हाईक खूश, उस्ताद मोकळा. पण तो आवाज का येत होता, हे दोघांपैकी एकानेही बघितलेलं नसतं.

सपाट मुलखात असं चालून जातं. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या टोकाला मात्र घाट आहे. शहापूरहून आटगाव, खर्डी करत मुंबई-आग्रा महामार्गाने निघालात की कसारा घाट लागतो. मुरबाडहून सरळगाव, टोकावडे करत निघालात की माळशेज. आणि आपली नातीगोती घाटाच्या वर पसरलेली. कोणाची फुफी नाशिकला, कोणाचं सासर मालेगावला, कोणाची बहीण जुन्नर-संगमनेरकडे. भिवंडी आणि मालेगाव ही दोन्ही यंत्रमागाची गावं, त्यामुळे कामधंद्याची ये-जाही याच रस्त्याने. निकाह असो, वलीमा असो, मय्यत असो, एका इकोत किंवा अर्टिगात सात-आठ माणसं बसतात आणि रात्री उशिरा घाट उतरून परत येतात. म्हणून या आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहायचं आम्ही ठरवलं. कुठला आवाज सोडून द्यायचा, कुठल्या आवाजाला त्याच दिवशी गॅरेज गाठायचं, आणि आवाज नसताना काय बघायचं.

आवाज येतो कुठून

आपल्याकडे चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांना, म्हणजे इको, अर्टिगा, बोलेरो यांना, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. पॅड म्हणजे लोखंडी पट्टी, आणि तिच्यावर चिकटवलेला घासणारा मसाला. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपर हे दोन्ही पॅड थाळीवर आवळतो. मागच्या ड्रममध्ये हेच काम लायनर, म्हणजे ब्रेक शू, आतून बाहेर फाकून करतात.

आता पॅड थाळीवर घासतो तेव्हा तो सरळ, एकसारखा सरकत नाही. क्षणभर धरतो, सुटतो, परत धरतो, परत सुटतो. हे सेकंदाला हजारो वेळा होतं. त्या धक्क्यांनी थाळी थरथरते आणि घंटेसारखी वाजायला लागते. ओलं बोट काचेच्या पेल्याच्या कडेवर फिरवलं की सूर निघतो, किंवा फळ्यावर खडू किंचाळतो, तसाच हा प्रकार. म्हणजे नुसती चीं-चीं ऐकू आली म्हणून ब्रेक कमजोर झाला असं होत नाही. थाळी वाजतेय एवढंच त्यातून कळतं. ती का वाजतेय, हे शोधायचं असतं.

सगळ्यात निरुपद्रवी आवाज सकाळचा. शहापूर तालुक्यात पाऊस किती पडतो हे वेगळं सांगायला नको, मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं उगाच इथे बांधलेली नाहीत. रात्रभर अंगणात भिजलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळपर्यंत तांबूस गंजाचा पातळ थर येतो. फजरच्या नमाजेला जाताना गाडी काढली की पहिल्या दोन-चार ब्रेकला कर्र-कर्र होतं आणि मशिदीपर्यंत पोचता पोचता ते थांबतं. पॅडनेच तो गंज पुसून काढलेला असतो. याच्यासाठी एक रुपयाही खर्च करू नका.

दुसरा आवाज खड्याचा. खडीच्या डंपरमागून गाडी चालवली किंवा कच्च्या रस्त्याने गेलात की बारीक दगड डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मधे अडकतो. ब्रेकला पाय न लावताही चाक फिरताना पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज सुरू होतो. माणूस घाबरतो. पण बऱ्याचदा गाडी थोडी मागे-पुढे केली की खडा पडून जातो. नाही पडला तर चाक काढून काढावा लागतो, तसाच ठेवला तर डिस्कवर चर पाडतो.

नवीन पॅड बसवल्यावर काही दिवस येणारा आवाजही बहुधा साधाच. पॅड आणि डिस्कचे पृष्ठभाग एकमेकांना अजून बसलेले नसतात.

यानंतरचे आवाज मात्र वेगळे.

घाट उतरून आल्यावर सुरू झालेली आणि नंतर दिवसेंदिवस टिकलेली चीं-चीं म्हणजे पॅड बहुधा भाजलेत. फार तापल्यामुळे मसाल्यावर काचेसारखा कडक, चकचकीत थर आलेला असतो. असा पॅड ओरडतो आणि धरतोही कमी. पेडल जास्त जोरात दाबावं लागतंय असं तुम्हालाच जाणवेल. उस्ताद पॉलिश पेपर मारतो तो हा थर काढायला. थर वरवरचा असेल आणि पॅड जाड असेल तर ते काम योग्यच आहे. पण पॅड आतपर्यंत भाजला असेल, त्याला भेगा गेल्या असतील, कडा तुटल्या असतील, तर कितीही घासलं तरी पुढच्या घाटात तो परत तिथेच येणार.

एकाच चाकातून आवाज येतोय, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, थांबल्यावर त्या चाकाजवळ हात नेला तर बाकी चाकांपेक्षा जास्त धग लागते. हे कॅलिपरच्या पिना जाम झाल्याचं लक्षण. कॅलिपर दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो. त्यांचे रबर फाटले की चिखलपाणी आत जातं आणि पिना सुकतात, गंजतात. मग पॅड थाळीला सोडतच नाही. अशा वेळी नुसते पॅड बदलले तर नवे पॅडही काही महिन्यांत संपतात, आणि दोष पॅडच्या कंपनीला दिला जातो. पिना काढून, साफ करून, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावून बसवायचं काम अर्ध्या तासाचं आहे. ते करायला लावा.

आणि आता तो आवाज, जो मुद्दाम बसवलेला असतो. बऱ्याच पॅडला बाजूला पोलादाची एक छोटी वाकडी पत्ती असते. पॅड झिजून साधारण 2 ते 3 मिलिमीटर उरला की ही पत्ती डिस्कला टेकते आणि बारीक, एकसुरी शिट्टी वाजायला लागते. चाक फिरतंय तोवर ती वाजते, ब्रेक दाबला की कधी बदलते, कधी थांबते. सकाळच्या गंजाच्या आवाजासारखी ती विरून जात नाही. कंपनीने तुम्हाला निरोप पाठवलेला असतो की पॅड बदला. हा आवाज बंद करायला म्हणून पत्ती वाकवून किंवा तोडून देणारेही महाभाग आहेत. असं कोणी करत असेल तर गाडी तिथून काढा.

त्याकडेही दुर्लक्ष केलं की शेवटचा आवाज येतो. चीं-चीं जाते आणि खर्र-खर्र सुरू होतं, पेडलमध्ये पायालाही ते जाणवतं. मसाला संपला, आता लोखंडी पट्टी लोखंडी थाळीवर घासतेय. ब्रेक निम्म्यावर आला असं समजा. ही गाडी घाटात न्यायची नाही, घाटातून आणायचीही नाही. गॅरेज लांब असेल तर उस्तादाला गाडीजवळ बोलवा.

गप्प बसलेला ब्रेक

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, आमच्या गाडीचा तर काहीच आवाज येत नाही, म्हणजे सगळं ठीक. आमच्या मते खरा धोका याच समजुतीत आहे.

ती शिट्टी वाजवणारी पत्ती प्रत्येक पॅडला नसते. पुष्कळ गाड्यांत ती एका चाकाच्या दोन पॅडपैकी एकालाच असते. स्वस्तातल्या पॅडला तर बऱ्याचदा नसतेच. दुसरं म्हणजे दोन पॅड सारखे झिजतीलच असं नाही. पिना जाम असतील तर आतल्या बाजूचा पॅड आधी संपतो, आणि बाहेरून डोकावलं तर दिसतो तो बाहेरचा, जो अजून जाड असतो. बघणारा म्हणतो, "अरे, खूप आहे अजून." आत मात्र पट्टी उघडी पडत आलेली असते. मागच्या ड्रमचं तर झाकणच बंद, उघडल्याशिवाय काही कळत नाही.

म्हणून कानावर भिस्त ठेवू नका. जाडी मोजा.

नव्या पॅडचा मसाला साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असतो. 3 मिलिमीटर उरला की बदलायची वेळ झाली. 2 च्या खाली गेला तर त्याच दिवशी. मोजायला पट्टी नसेल तर चार एटीएम कार्डं एकावर एक ठेवा. एक कार्ड पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित जाड असतं, म्हणजे चार मिळून 3 मिलिमीटर होतात. मसाला त्या थप्पीएवढा किंवा कमी दिसला की पॅड बदला. मोजताना एक चूक फार जण करतात, मागची लोखंडी पट्टीही धरून मोजतात. ती स्वतःच चार-पाच मिलिमीटर असते, त्यामुळे संपलेला पॅडही भरलेला वाटतो. मोजायचा फक्त मसाला, आणि आतला-बाहेरचा दोन्ही पॅडचा, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचा.

अलॉय व्हील असेल तर मोबाईलच्या टॉर्चने फटीतून बरंच दिसतं. साध्या लोखंडी रिमला चाक काढावंच लागतं. टायरची अदलाबदल करता, पंक्चर काढता, तेव्हा चाक निघालेलंच असतं. त्या दोन मिनिटांत बघून घ्या. मागचा ड्रम वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, उघडून साफ करून घेतला तर बरं.

आता 3 मिलिमीटरचा आकडा सपाट रस्त्याचा आहे, हे लक्षात ठेवा. गाडी आठवड्याला कसारा किंवा माळशेज करत असेल, भाड्याची असेल, नेहमी भरलेली असेल, तर आमचं मत असं की 4 मिलिमीटरलाच पॅड बदला. पातळ पॅडमधून उष्णता लवकर पलीकडे ब्रेक ऑइलपर्यंत जाते, आणि घाटात अडचण तिथेच होते. "पॅड किती किलोमीटर चालतात" या प्रश्नाचं एकच उत्तर नाही. कोणाचे 50 हजार किलोमीटर जातात, कोणाचे 25 हजारातच संपतात. महामार्गावर एकट्याने जाणाऱ्याचा आणि टोकावड्याहून रोज माणसं भरून वर-खाली करणाऱ्याचा हिशोब एक कसा असेल?

घाटात नेमकं काय होतं

कसारा आणि इगतपुरी यांच्या उंचीत सुमारे 300 मीटरचा फरक आहे. माणसं, सामान धरून दीड टन भरलेली गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा उतारामुळे मिळालेली सगळी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. हिशोब केला तर ती इतकी होते की तेवढ्या उष्णतेत साधारण 15 लिटर पाण्याला उकळी फुटेल. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात. बाकीची एकतर इंजिनाने अडवायची, नाहीतर चार चाकांच्या ब्रेकनी. माळशेजचा माथा तर सुमारे 700 मीटरवर आहे, आणि मुरबाडच्या बाजूला रस्ता त्या मानाने खूप खाली येतो.

याच डोंगरातून रेल्वेही जाते. कसारा-इगतपुरी लोहमार्ग 1865 मध्ये सुरू झाला. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. चढणाऱ्या गाड्यांना आजही कसाऱ्याला मागून जास्तीची इंजिनं जोडतात, आणि उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक घाट सुरू होण्याआधी तपासले जातात. दीडशे वर्षांहून जास्त काळ रेल्वे हा घाट ओळखून आहे. आपण मात्र इगतपुरीला चहा पितो, पान खातो आणि स्टार्टर मारतो.

रस्त्याच्या बाजूला, नाशिककडून मुंबईकडे उतरणाऱ्या नव्या कसारा घाटात, एका जागेला लोकांनीच नाव पाडलंय: ब्रेक फेल पॉइंट. अवजड कंटेनर, ट्रेलर तिथे ब्रेक निकामी होऊन पुढच्या गाड्यांवर आदळल्याच्या बातम्या आपण वाचत असतो. ते "ब्रेक फेल" म्हणजे दर वेळी काही तुटलं असं नसतं. बऱ्याचदा ब्रेक तापून मेलेला असतो. हे दोन प्रकारे होतं. एक, पॅड किंवा लायनर इतके तापतात की त्यांची पकड कमी होते. पेडल कडक लागतं, पाय पूर्ण ताकदीने दाबलेला असतो आणि गाडी थांबत नाही. दोन, ब्रेक ऑइल उकळतं. तेल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक चालतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ओल शोषली की लवकर उकळतं. डॉट-4 दर्जाचं कोरडं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे. तेच ओल धरलेलं असेल तर निकष 155 अंशांवर येतो. डॉट-3 चे आकडे 205 आणि 140. आपल्या इथल्या पावसाळी हवेत हा फरक कागदावरचा राहत नाही. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण काढून नवं भरायचं. गाडीच्या पुस्तकात आणि टाकीच्या झाकणावर कुठलं डॉट लिहिलंय तेच भरायचं, उघडून वर्षभर पडलेल्या डब्यातलं नाही. आणि ऑइलची पातळी हळूहळू खाली गेलेली दिसली तर नुसतं वरून ओतू नका. पॅड झिजले की कॅलिपरमध्ये जास्त ऑइल उतरतं आणि टाकीतली पातळी कमी होते. कमी झालेली पातळी हाही पॅडचा एक निरोपच असतो. गळती नसेल तर आधी पॅड बघा.

उतरताना ज्या गिअरमध्ये गाडी चढते, साधारण त्याच गिअरमध्ये उतरवायची. दुसरा-तिसरा गिअर ठेवा, इंजिन गुरगुरू दे, त्यात वावगं काही नाही. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा जरा घट्ट दाबून वेग कमी करा आणि मग पाय पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळात ब्रेक थंड होतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं तर नकोच. काही जण पेट्रोल-सीएनजी वाचवायला इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूम थांबतो. दोन-तीनदा पेडल दाबलं की साठा संपतो, आणि मग तेच पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. दहा-वीस रुपयांच्या इंधनासाठी हा सौदा!

खाली कसाऱ्याला किंवा टोकावड्याला पोचल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारायची काही ड्रायव्हरांची सवय आहे. पाणी मारू नका. लाल तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकते, कधी तडकते. मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. सावलीत दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा, आणि त्या वेळात हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

पेडल खाली गेलंच तर पंप मारा, म्हणजे भराभर दाबा-सोडा. थोडा दाब परत मिळतो. एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, हॅझर्ड लावा, हॉर्न देत राहा आणि गाडी दरीपासून लांब, डोंगराच्या बाजूला घ्या. इंजिन बंद करू नका.

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि बरेच जण आता घाट टाळून बोगद्यातून येतात. वेळ वाचतो हे खरं. पण तिथे ब्रेकची परीक्षा वेगळ्या प्रकारे होते. वेग दुप्पट झाला की थांबवायला लागणारी ऊर्जा चौपट होते. 50 च्या वेगात चालून गेलेला पातळ पॅड 100 च्या वेगात एकाच जोरदार ब्रेकला उघडा पडतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढते. छोट्या गाडीच्या पुढच्या पॅडचा चांगला सेट साधारण दोन हजारांच्या आगेमागे येतो, गाडीप्रमाणे कमी-जास्त. डिस्क खराब झाली तर खर्च त्याच्या दुपटी-तिपटीवर जातो, म्हणजे पॅड वेळेत बदलणं हाच स्वस्त मार्ग. डिस्कची कमीत कमी जाडी बऱ्याचदा तिच्यावरच कोरलेली असते. त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथवर फिरवून आणण्यात अर्थ नाही.

खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा, पक्कं बिल घ्या, जुने पॅड परत मागा. जुने पॅड हातात घेतले की आतला जास्त झिजलाय की बाहेरचा ते तुम्हालाच दिसेल, आणि पिनांचं काम झालं का हे विचारता येईल. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आवाजासाठी म्हणून तेल, ग्रीस, स्प्रे काहीही लावू देऊ नका. ग्रीस लागतं ते पिनांना आणि पट्टीच्या मागच्या बाजूला, तेही बेताचं. मागे लावायचा पातळ पत्रा, ज्याला शिम म्हणतात, तो आणि बाजूच्या क्लिपा परत बसवल्या का ते बघा. त्या सुट्या राहिल्या की चांगला पॅडही ओरडतो.

आणखी एक गोष्ट, जी गिऱ्हाइकापेक्षा गॅरेजवाल्यांसाठी आहे. आपल्या समाजातली कितीतरी मुलं या धंद्यात आहेत, दहावी झाली की उस्तादाच्या हाताखाली जातात. ड्रम उघडला की आतली काळी भुकटी तोंडाने फुंकून नाहीतर कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची, ही सगळीकडची पद्धत. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी नाही आणि काही लायनरमध्ये तो असू शकतो. त्याची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसांचा आजार, कॅन्सरसुद्धा, वीस-तीस वर्षांनी उघडकीला येतो. लायनर कुठलाही असो, ओलं फडकं किंवा पाण्याचा हलका फवारा मारून भुकटी ओली करा आणि मग पुसा. कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. शिकाऊ पोराला हे पहिल्या दिवशी सांगणं उस्तादाचंच काम.

भाड्याची जीप, इको चालवणाऱ्या भावांनाही सांगणं आहे. मागे बसलेल्या माणसाने भाडं दिलं की त्याची जान तुमच्याकडे अमानत असते. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. महिन्यातून एकदा, जुम्म्याला गाडी बंद असते तेव्हा, चाक काढून चार कार्डांची थप्पी लावून बघायला अर्धा तास पुरतो. बकरी ईदच्या आधी पिकअपमध्ये जनावरं भरून याच रस्त्याने येणाऱ्यांनी तर निघण्याआधीच बघावं. चालता-बोलता माल वळणावर एका बाजूला सरकतो आणि ब्रेकवरचा भार क्षणात बदलतो.

नवीन पॅड बसवले की लगेच दुसऱ्या दिवशी घाटात जाऊ नका. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे गाडी नाही हे बघून, 50-60 च्या वेगावरून बेताचा ब्रेक मारत 10-15 पर्यंत या. पूर्ण थांबू नका. मधे एक-दीड मिनिट ब्रेकला न हात लावता चालवा, म्हणजे डिस्क थंड होईल. असं आठ-दहा वेळा करा. पुढचे 200 ते 300 किलोमीटर जोराचे ब्रेक शक्यतो टाळा. तोवर थोडी चीं-चीं झाली तरी चालेल. त्यानंतरही राहिली तर ज्या उस्तादाने काम केलं त्याच्याकडे परत जा आणि शिम, क्लिपा, पिना तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा.